वयोगटाचा विक्रम आणि ताडकळसचा रस्ता

४ जानेवारी २०१७ रोजी पॅरिसजवळच्या एका बंदिस्त सायकल-मैदानावर रॉबेर मार्शाँ या गृहस्थांनी एका तासात २२.५४७ किलोमीटर अंतर कापले. तेव्हा त्यांचे वय होते १०५ वर्षे. १०५ वर्षांवरील असा वयोगट तोवर अस्तित्वातच नव्हता, तो त्यांच्यासाठी तयार करावा लागला. म्हणजे त्या दिवशी विक्रम होणारच होता, असे कोणी म्हटले तर त्यात चूक काही नाही. वेगही तसा डोळे दिपवणारा नाही. शाळेला उशीर झालेला नववीतला मुलगा ताडकळसच्या रस्त्याने काही मिनिटे तरी एवढ्या वेगाने सायकल हाणतोच. तासभर तोच वेग टिकवायचा म्हटले, तर मात्र त्याच गावातील चाळिशीच्या किती माणसांना ते जमेल, हा प्रश्न जरा अडचणीचा आहे.

मार्शाँ यांच्या नावावर याआधीही दोन विक्रम होते, दोन्ही शंभरीवरील गटातले. फेब्रुवारी २०१२ मध्ये, शंभराव्या वर्षी, २४.२५० किलोमीटर आणि जानेवारी २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, २६.९२७ किलोमीटर. हे आकडे क्रमाने पुन्हा पाहावेत. शंभरी उलटल्यावर दोन वर्षांनी माणूस अधिक वेगाने सायकल चालवत होता. हा नुसता जिद्दीचा भाग होता की शरीरात खरोखर काही बदलले होते? फ्रान्समधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेरोनिक बिया यांनी त्यांची प्रयोगशाळेत दोनदा तपासणी केली, एकदा १०१ व्या आणि एकदा १०३ व्या वर्षी. मधल्या काळात त्यांनी वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर सायकल चालवली. त्यातली ८० टक्के अगदी सावकाश, गप्पा मारता येतील इतक्या बेताने आणि २० टक्के मात्र वाक्य तुटेल इतका दम लागेपर्यंत. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, याला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. मार्शाँ यांचे हे माप किलोमागे ३१ मिलिलिटरवरून ३५ वर गेले. पायातून निघणारी कमाल शक्ती ९० वॅटवरून १२५ वॅट झाली. वजन जवळपास तेवढेच राहिले.

यात एक गंमत आहे. सपाट जागी सायकलस्वाराची बरीचशी शक्ती हवा कापण्यात जाते आणि हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. २४.२५० वरून २६.९२७ म्हणजे वेगात ११ टक्के वाढ. तिचा घन काढला, तर हवेपुरती शक्ती सुमारे ३७ टक्के जास्त लागते. प्रयोगशाळेत मोजलेली वाढ होती ३९ टक्के. मैदाने वेगळी होती, टायरचे घर्षण या हिशेबात धरलेले नाही आणि तपासणीच्या तारखा विक्रमांच्या तारखांशी जुळत नाहीत, त्यामुळे हा ताळा काटेकोर मानू नये. पण मैदानावरचे घड्याळ आणि प्रयोगशाळेतले यंत्र एकाच दिशेला बोट दाखवत होते, एवढे नक्की. उलट बाजूही त्याच आकड्यांत आहे. १०२ ते १०५ या तीन वर्षांत वेग १६ टक्क्यांनी उतरला, म्हणजे हवेपुरती शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी घटली. वय आपला वाटा घेतेच.

मार्शाँ २०२१ मध्ये, वयाच्या १०९ व्या वर्षी वारले. पॅरिसच्या अग्निशमन दलात जवान, व्हेनेझुएलात ट्रकचालक, कॅनडात लाकूडतोड्या अशी त्यांची कारकीर्द. तरुणपणी सुटलेली सायकल त्यांनी पुन्हा धरली ती ६७ व्या वर्षी. आपल्याकडे बातम्या झाल्या त्या ‘१०५ वर्षांच्या आजोबांची कमाल’ अशा आणि नेमके तिथेच पाणी मुरते. कमाल म्हटले की वाचक हात जोडतो आणि पान उलटतो. चमत्कार करणारा वेगळा, आपण वेगळे. शंभरीच्या मथळ्यापेक्षा ६७ हा आकडा ताडकळसच्या वाचकाच्या जास्त कामाचा होता. तो फारसा कुठे छापला गेला नाही.

वयोगट ही कल्पनाच मुळी चमत्कार मोडीत काढण्यासाठी आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावर घोळक्याने होणाऱ्या सायकल-शर्यतींवर पोलिसांची वक्रदृष्टी पडली. तेव्हा फ्रेडरिक बिडलेक आणि त्यांच्या क्लबने १८९५ मध्ये एक युक्ती काढली. एकेक जण ठरावीक अंतराने सोडायचा, प्रत्येकाचा वेळ स्वतंत्र घ्यायचा. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे, म्हणजे शर्यत चालू आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये. टाइम ट्रायल जन्मली ती अशी चोरून. पुढे १९४३ मध्ये तिथल्या चाळिशीपुढच्या सायकलस्वारांनी स्वतःची संघटना काढली. त्यांनी प्रत्येक वयासाठी आणि प्रत्येक अंतरासाठी एक ‘प्रमाणवेळ’ ठरवली. ४५ वर्षांच्या माणसाची वेगळी, ७० वर्षांच्या माणसाची वेगळी. स्वतःच्या वयाच्या प्रमाणवेळेपेक्षा कोण किती मिनिटे पुढे, यावर क्रमांक लागतो. त्यामुळे सत्तरीतला माणूस पंचेचाळिशीच्या माणसाला रीतसर हरवू शकतो, कोणाच्या कौतुकाची किंवा सवलतीची त्याला गरज पडत नाही.

महाराष्ट्राला सायकलचे वेड नवे नाही. मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाटात पहिला येणारा ‘घाटाचा राजा’ हे जुन्या पिढीला तोंडपाठ आहे. अलीकडच्या काळात नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये, पंचेचाळिशीत, लेह ते मनाली अंतर साडेपंचावन्न तासांच्या आत कापले. ही कामगिरी मोठी आहे, तिला उणे लेखण्याचे कारण नाही. पण आरोग्याच्या चष्म्यातून पाहिले तर तिच्यात एक अडचण आहे. इथे घड्याळ झोपेतही चालू असते. जागरण, उंची, पोटाची तक्रार, मागच्या गाडीतील मदतनीस, खर्च, हे सगळे त्या एका आकड्यात मिसळलेले असते. तो आकडा पाहून सामान्य माणसाला स्वतःबद्दल काही कळत नाही. ‘विक्रम’ म्हणजे अशीच काहीतरी अचाट, प्रमाणपत्र आणि हारतुऱ्यांची गोष्ट, अशी समजूत मात्र पक्की होते. दहा किलोमीटरची टाइम ट्रायल त्या मानाने रुक्ष. अर्धा तास, एक घड्याळ, घाम. मोजमाप म्हणून तिची सर त्या हजार किलोमीटरना येत नाही.

पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावात साठीच्या माणसाचे आज काय मोजले जाते? साखर, रक्तदाब, वजन. तीस वर्षांवरील प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणी व्हावी, असा सरकारी कार्यक्रम आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन जो फॉर्म भरते, त्यात आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, असा प्रश्नही असतो. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. शेतात जाणारा प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो आणि तो खोटे बोलत नसतो. पण या माणसाच्या छातीत दम किती शिल्लक आहे, गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घटला, याची नोंद कुठल्याच कागदावर नसते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्येच म्हटले आहे की, हृदय-फुप्फुसांची क्षमता ही नाडी-रक्तदाबासारखीच दवाखान्यात नोंदवण्याची गोष्ट आहे. कारण ही क्षमता कमी असणे हे लवकर मृत्यू येण्याच्या जोखमीचे ठळक लक्षण आहे. मोठ्या इस्पितळात ती ट्रेडमिलवर, तोंडाला नळी लावून मोजतात. ताडकळसला ते यंत्र येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. रस्ता आहे, सायकल आहे आणि प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये घड्याळ आहे.

वयाने क्षमता घटते ती किती? बैठ्या माणसाचे ‘व्हीओटू मॅक्स’ तिशीनंतर दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी उतरते. व्यायाम टिकवणाऱ्यांत हा उतार अनेक अभ्यासांत बराच सौम्य आढळला आहे. म्हणजे साठीच्या माणसात जी घट दिसते, तिच्यात वयाचा वाटा किती आणि खुर्चीचा किती, हे वरून ओळखता येत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांच्या कसून चाचण्या घेतल्या. पुरुषांसाठी अट होती १०० किलोमीटर साडेसहा तासांत, बायकांसाठी ६० किलोमीटर साडेपाच तासांत. हृदय, फुप्फुसे, स्नायू, हाडे, संप्रेरके, सगळे पाहिले. वयाशी सर्वात जवळचे नाते निघाले ते ‘व्हीओटू मॅक्स’चे. पण तेवढ्यावरूनही कोणाचे वय किती, हे नेमके सांगता येईना. याच गटावरच्या २०१८ च्या अभ्यासात त्यांच्या थायमस ग्रंथीतून नव्या रोगप्रतिकारक पेशी बाहेर पडण्याचे प्रमाण तरुणांच्या जवळपास असल्याचे दिसले. इथे एक खोच लक्षात ठेवायला हवी. धूम्रपान करणारे, फार दारू पिणारे आणि उच्च रक्तदाबाचे लोक या अभ्यासात घेतलेच नव्हते. सायकलने ते निरोगी राहिले की निरोगी होते म्हणून सायकल चालवत राहिले, याचा निवाडा असा अभ्यास एकट्याने करू शकत नाही. मार्शाँ तर एकटाच माणूस. त्यांच्यावरून नियम काढता येत नाही, शक्यता तेवढी दिसते.

मराठवाड्यातली साठीची पिढी सायकलवरच वाढली. बाजार, शाळा, सासुरवाडी, सगळे दोन चाकांवर. मग मोटारसायकल आली आणि काळी सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली ती टेकलीच. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. शेतातले काम उरले ते वाकून, बसून, हात चालवण्याचे. कमरेला त्रास देणारे, पण हृदयाला सलग वीस मिनिटे धावायला न लावणारे. ‘आम्हाला कशाला व्यायाम, आम्ही शेतकरी’ हे वाक्य चाळीस वर्षांपूर्वी जितके खरे होते तितके आज राहिलेले नाही. परभणीत मधुमेहाच्या गोळ्या काही फक्त शहरातल्या लोकांसाठी विकल्या जात नाहीत.

तेव्हा करता येण्याजोगी गोष्ट अशी. कमी वर्दळीच्या रस्त्यावर पाच किलोमीटर मोजून खूण करायची, तिथून वळून परत यायचे. दर मिनिटाला एक जण सोडायचा, सुटल्याची आणि पोहोचल्याची वेळ वहीत लिहायची. जाऊन-येऊन एकच रस्ता ठेवल्याने चढ जितका, तितकाच उतार मिळतो. वाऱ्याची पुरती फिटंफाट होत नाही. समोरून वारा असताना ताशी १६ आणि पाठीशी असताना २४ असा वेग मिळाला, तर सरासरी २० वाटते, पण १० किलोमीटरला ३० ऐवजी सव्वाएकतीस मिनिटे लागतात. कारण वाऱ्याशी झुंजण्यात जास्त वेळ जातो. म्हणून पहाटेची, वारा पडलेली वेळ बरी. सायकल साधीच असावी आणि दरवर्षी तीच असावी. लाखाच्या सायकलीने कमावलेली दोन मिनिटे छातीच्या खात्यावर जमा होत नाहीत. वयाचे गट दहा-दहा वर्षांचे, बायका आणि पुरुष वेगळे. पहिल्या वर्षी प्रत्येक गटात जो सर्वात कमी वेळ येईल तो गावाचा विक्रम. दुसऱ्या वर्षी तो मोडायचा प्रयत्न. विक्रम एकालाच मिळणार, पण स्वतःचा मागच्या वर्षीचा आकडा मोडण्याची सोय बाकी सगळ्यांना आहे. ६३ व्या वर्षी ३४ मिनिटे आणि ६४ व्या वर्षीही ३४ मिनिटे, म्हणजे त्या माणसाने वर्षभर वयाला जागच्या जागी थोपवले. हे रक्ताच्या कुठल्याही तपासणीत दिसणार नाही.

जिवाचा आटापिटा करून सायकल मारण्यात धोका नाही असे नाही आणि इथे गावकी चालत नाही. छातीत दुखणे, चालताना धाप, चक्कर, पूर्वीचा झटका, जुनी बिडी-तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग घड्याळ. वर्षानुवर्षे बैठे राहिलेल्याने पहिले दोन-तीन महिने फक्त सावकाश चालवावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जोराच्या मेहनतीने साखर एकदम खाली येऊ शकते, खिशात गूळ किंवा साखर हवी. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलोल, नाडी वाढूच देत नाहीत. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांवर विसंबू नये, बोलता येते की नाही हीच खूण धरावी. मनगटावरच्या यंत्रांनी ही साधी खूण उगाच मागे टाकली आहे. अतिरेकाचीही किंमत असते. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या प्रसिद्ध स्की-शर्यतीत पुन्हा पुन्हा उतरणाऱ्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण इतर सहभागींपेक्षा जास्त आढळले. दहा किलोमीटरवाल्याला त्याची धास्ती नको. पण नुसती सायकल पुरेशी मानणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे, सायकलवर अंगाचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे ती हाडे मजबूत करत नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ पुढच्यांना आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीसोबत दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते, ती उगाच नाही. उठाबशा आणि एका पायावर उभे राहणे, दोन्हीला पैसे पडत नाहीत.

आणि पुड्या. गुडघेदुखीवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे आपल्या देशात वारंवार आढळले आहे. त्या घेऊन सायकल जोरात चालेलही, पण साखर, रक्तदाब आणि हाडे यांचा निकाल लागेल. उत्तेजकांचे नियम वयाकडे पाहत नाहीत. कार्ल ग्रोव्ह या अमेरिकन सायकलस्वाराने २०१८ मध्ये, नव्वदीच्या गटात, विक्रम नोंदवला आणि चाचणीत बंदी असलेले ट्रेनबोलोन सापडल्याने तो गेला. आदल्या रात्रीच्या मांसातून ते आले असावे, असे चौकशीत निघाले, त्यामुळे जाहीर ताकीद देण्यावर भागले. विक्रम मात्र परत मिळाला नाही.

हंगामाचाच काय तो पेच. परभणीचा उन्हाळा या उद्योगाला सोयीचा नाही, मार्चनंतर सकाळी आठच्या पुढे साठीच्या माणसाने जोर लावणे हा शुद्ध वेडेपणा. थंडीत हवा उत्तम, पण नेमका तेव्हाच उसाचा गाळप हंगाम आणि मागे साधी लाल पट्टीही नसलेल्या ट्रॉल्या पहाटेच्या अंधारात रस्त्यावर. म्हणून शर्यत उजाडल्यावरच सुरू व्हावी, वळणाच्या जागी दोन माणसे उभी राहावीत आणि ट्रॉल्यांना मागे परावर्तक लावण्याचा तगादा कारखान्याकडे आणि वाहतूक पोलिसांकडे आधीच्या महिन्यात करावा. त्याचा फायदा शर्यतीबाहेरच्यांनाही होईल.

वहीत बायकांच्या गटांची पाने आधीच आखून ठेवावी लागतील, ती आपोआप भरणार नाहीत. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत शाळेला लांबून येणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. बारावीपर्यंत त्या रोज चार-सहा किलोमीटर चालवतात. लग्नानंतर ती सायकल माहेरी राहते आणि सासरी सून सायकलवर दिसत नाही. तेव्हा १५ ते २५ चा गट भरेल, ३५ ते ४५ चा रिकामा राहील. साठीच्या पानावर तर बहुतेकींना सायकल शिकण्यापासूनच सुरुवात करावी लागेल. त्यांच्यासाठी दहाऐवजी दोन किलोमीटर, तेही पायी, वेळ लिहून, असा गट ठेवायला काही हरकत नाही. वहीची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी, म्हणजे साखर आणि रक्तदाबाच्या शेजारी हाही आकडा त्या त्या माणसाच्या कागदावर चढवता येईल.